दुसऱ्या धर्माच्या चॅपलिनशी बोलू का?

पोलीस खात्यातली माणसं उपचारांसाठी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा त्रासाबद्दल नसतोच. "हे कुठे लिहून जाणार का?" असा असतो. ज्यांच्याबद्दल लिहितेय (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), त्यांनी तर तो खुर्चीवर बसायच्या आधीच विचारला.

चाळिशीतले अधिकारी. एका घरात मारहाण चालल्याची खबर आली. नियमाप्रमाणे जादा कुमक येईपर्यंत ते दाराबाहेर थांबले आणि आतल्या बाईचा जीव गेला. चौकशीत ते निर्दोष ठरले. "दोषी ठरवलं असतं तर बरं झालं असतं, मॅडम," ते म्हणाले. वर्षानुवर्षं न चुकता प्रार्थना करणारा हा माणूस आता रोज सकाळी कोपरापर्यंत हात धुवायचा, पुसायचा, प्रार्थनेच्या जागेपर्यंत जायचा आणि तसाच मागे फिरायचा.

त्यांच्या ठाण्यावर चॅपलिन यायचे, म्हणजे पोलिसांना आधार द्यायला नेमलेले धर्मसेवक. पण दुसऱ्या धर्माचे. "त्यांना माझं काय कळणार? आणि साहेबांच्या कानावर गेलं तर शस्त्र काढून घेतील, टेबलावर बसवतील."

ही भीती फुसकी नाही, म्हणून मी तिची समजूत घालत बसले नाही. चॅपलिन वरिष्ठ-कनिष्ठांच्या उतरंडीबाहेरचा असतो, हे सांगितलं. आपला धर्म कुणाच्या गळी उतरवणं त्याच्या कामात बसत नाही. ऐकलेलं तो स्वतःपाशी ठेवतो. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र गप्प राहत नाही. नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, तेव्हा तोंड उघडण्याआधी "यातलं काय, कुणाला सांगावं लागेल?" हे सरळ विचारून घ्यावं.

मी त्यांना चॅपलिनकडे का पाठवलं? जिवाच्या भीतीने बसलेला धक्का वेगळा आणि "करायला हवं होतं ते मी केलं नाही" ही टोचणी वेगळी. या दुसऱ्या जखमेला 'मॉरल इंज्युरी' म्हणजे नैतिक जखम म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना १९९०च्या दशकात ही कल्पना मांडली, ती वरिष्ठांनी केलेल्या विश्वासघाताबद्दल; स्वतःच्या हातून घडलेलं किंवा राहून गेलेलं तिच्यात पुढे धरलं गेलं. अशा माणसाला "तुमची चूक नव्हती" म्हणून काही उपयोग होत नाही. ते त्याला चौकशी समितीनेही सांगितलेलं असतं.

चॅपलिन रात्रपाळीत त्यांच्या शेजारी गाडीत बसले. देवाचा विषयही काढला नाही. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, "तुमच्यात गेलेल्या माणसासाठी काय करतात?" यांना नीट सांगता येईना, तेव्हा त्यांनीच यांच्या धर्मातल्या एका जाणत्या माणसाशी गाठ घालून दिली. त्या बाईसाठी जे करायचं ते यांनी केलं. बहुधर्मीय आधार म्हणतात तो माझ्या मते हाच. सगळ्या धर्मांची मोळी बांधून एकच सपक प्रार्थना म्हणण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दचकून जागं होणं मात्र यातून थांबलं नाही. त्यावरचे उपचार माझ्याकडे वेगळे सुरू राहिले. ते काम चॅपलिनचं नाही आणि चांगला चॅपलिन ते स्वतःहून सांगतो. मरणाचे विचार येत असतील तर थोडीही वाट पाहू नका. ड्युटीचं शस्त्र आधी जमा करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.