शाळेच्या फाटकापासून अंतर मोज

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑफिस स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा शहरातल्या एडिंबरा पार्कला, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं, मोठा यंदा पाचवीत जाणार, धाकटी साडेतीन वर्षांची, नवऱ्याला इकडे पोचून नोकरी शोधायची, आणि सोबत शाळांची क्रमवारी लावलेला भलामोठा तक्ता. तक्ता मेहनतीने केला आहेस, पण तूर्त बाजूला ठेव. त्यात शाळेचं नाव पहिल्या रकान्यात आहे आणि पत्ता शेवटच्या. स्कॉटलंडमध्ये हे उलट चालतं.

स्कॉटलंडमध्ये ३२ कौन्सिलं (म्हणजे स्थानिक पालिका) आहेत आणि सरकारी शाळा त्यांच्या ताब्यात आहेत. प्रत्येक घराला एक प्राथमिक आणि एक माध्यमिक शाळा ठरलेली असते. त्या हद्दीला सगळे कॅचमेंटच म्हणतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी एक कॅथलिक शाळाही त्याच पत्त्याला लागू होते. तिथे इतर धर्मांची मुलंही जातात, जागा कमी पडल्या तर बाप्तिस्मा झालेल्यांना आधी घेतात. प्रवेश परीक्षा नाही, मुलाखत नाही, देणगी नाही. घर घेतलंस की शाळा मिळते, घर नसेल तर कौन्सिल फक्त माहिती देते, जागा राखून ठेवत नाही. हद्द कधी रस्त्याच्या मधोमध जाते, म्हणून भागाच्या नावावर विसंबू नकोस. कौन्सिलच्या साइटवर त्या घराचा पूर्ण पत्ता घालून बघ.

आता यातली खोच. कॅचमेंटमध्ये राहूनही वर्ग भरलेला असू शकतो. पी१ (प्राथमिकची पहिली इयत्ता) मध्ये २५, पी२ आणि पी३ मध्ये ३०, पी४ ते पी७ मध्ये ३३ मुलं अशी कमाल मर्यादा आहे, आणि दोन इयत्ता एकत्र बसवलेल्या वर्गाला २५. (असा एकत्र वर्ग दिसला तर घाबरू नकोस, इकडे तो नेहमीचा प्रकार आहे, मुलाला मागे ढकलल्याची ती खूण नव्हे.) वर्ग भरला असेल तर कौन्सिल जवळच्या दुसऱ्या शाळेत जागा देतं, आणि ती दुसरी शाळा कदाचित तुझ्या स्टेशनच्या विरुद्ध दिशेला निघते. म्हणून घराचा करार करण्याआधी कौन्सिलला नेमका प्रश्न विचार: या पत्त्याच्या शाळेत, ऑगस्टपासून, पी६ ला जागा आहे का? नुसतं ‘शाळेत जागा आहे का’ असं विचारलंस तर उत्तर गोलमोल येईल.

पी६ का, ते सांगतो. इयत्ता वयावरून ठरते, गुणांवरून नाही. १ मार्च ते पुढच्या वर्षीची फेब्रुवारीअखेर हा एक गट. तुझा मोठा जून २०१६ चा, म्हणजे ऑगस्ट २०२६ मध्ये तो पी६ ला बसेल. आकडा पुढचा दिसला तरी त्याने एक वर्ष उडी मारलेली नसते, इकडे मुलं साडेचार-पाच वर्षांची असतानाच पी१ सुरू होतं म्हणून तसं दिसतं. प्राथमिक पी७ ला संपते. म्हणजे ऑगस्ट २०२८ मध्ये तो माध्यमिकच्या एस१ मध्ये असेल. म्हणून त्याच्यासाठी घर बघताना प्राथमिक शाळेपेक्षा माध्यमिक शाळेची हद्द आधी तपास. दोन वर्षांसाठी सुंदर प्राथमिक शाळा गाठायची आणि मग माध्यमिकसाठी पुन्हा सामान हलवायचं, ही इकडे येणाऱ्या कुटुंबांची हमखास होणारी चूक आहे.

‘प्लेसिंग रिक्वेस्ट (म्हणजे हद्दीबाहेरच्या शाळेसाठी अर्ज) करून हवी ती शाळा मिळवू’ असं तू लिहिलंस. हक्क आहे, हमी नाही. ऑगस्टच्या प्रवेशासाठी १५ मार्चपर्यंत अर्ज आला तर कौन्सिलला ३० एप्रिलपर्यंत उत्तर द्यावं लागतं. नकार आला तर २८ दिवसांत अपील करता येतं. पण ज्या शाळेसाठी सगळे धडपडतात ती आपल्याच हद्दीतल्या मुलांनी भरलेली असते, आणि जादा शिक्षक नेमावा लागेल हे नकाराला पुरेसं कारण ठरतं. मिळालीच तर दोन गोष्टी गमावतेस. एक, शाळेची मोफत वाहतूक: कॅचमेंटची शाळा आठ वर्षांखालच्या मुलाला दोन मैलांपेक्षा आणि त्यावरच्या मुलाला तीन मैलांपेक्षा लांब असेल तर कौन्सिल सोय करतं, स्वतः मागून घेतलेल्या शाळेला ते बंधन नाही. दोन, पुढची माध्यमिक शाळा: ती पुन्हा घराच्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे एस१ च्या वेळी हाच खेळ नव्याने.

तुझ्या तक्त्यातली क्रमवारी वर्तमानपत्रांतली आहे, हे ओळखलं. ती बहुतेक पाच हायर मिळवणाऱ्या मुलांच्या टक्केवारीवर लावतात. हायर म्हणजे एस५ ची परीक्षा. त्याआधी एस४ ला नॅशनल ५, नंतर एस६ ला अ‍ॅडव्हान्स्ड हायर. ती टक्केवारी शाळेबद्दल थोडं आणि आजूबाजूच्या घरांच्या किमतींबद्दल बरंच सांगते. पहिल्या आणि सातव्या शाळेतल्या फरकासाठी रोजची चाळीस मिनिटं देऊ नकोस. त्याऐवजी शाळेचं हँडबुक वाच, तपासणीचा अहवाल वाच आणि त्यावरची तारीख बघ, कारण काही अहवाल बरेच जुने असतात. एस४ नंतर कोणते विषय खरोखर शिकवले जातात ते विचार. लहान शाळेत अ‍ॅडव्हान्स्ड हायरचे काही विषय चालतच नाहीत.

धाकटीचं गणित वेगळं. तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना वर्षाला ११४० तास नर्सरी मोफत आहे. फक्त शाळेच्या सत्रांत घेतली तर आठवड्याला साधारण ३० तास. कौन्सिलची नर्सरी, खासगी नर्सरी, घरी मुलं सांभाळणारी नोंदणीकृत बाई, कुठेही घेता येते, पण ती जागा कौन्सिलच्या योजनेतली हवी. शाळेला जोडलेल्या नर्सरीत जागा मिळाली म्हणजे त्याच शाळेत पी१ मिळाला, असं समजू नकोस. डिसेंबर २०२२ चा जन्म, म्हणजे तिचं पी१ ऑगस्ट २०२७ ला येतं, तेव्हा ती पावणेपाच वर्षांची असेल. महाराष्ट्रात ती २०२८ च्या जूनमध्ये पहिलीत गेली असती. शाळा सुरू होताना पाच पूर्ण नसलेल्या मुलाला एक वर्ष थांबवायचा हक्क पालकांना आहे, आणि त्या जादा वर्षाची नर्सरीही मोफत मिळते. नव्या देशात, नव्या भाषेत, गटातली सगळ्यात लहानांपैकी एक म्हणून तिला ढकलण्यापेक्षा थांबवावं, असं माझं मत. नातेवाईक ‘वर्ष वाया’ म्हणतील. म्हणू देत. नोंदणी मात्र आदल्या हिवाळ्यात, नोव्हेंबर-जानेवारीच्या सुमारास असते, ती तारीख लिहून ठेव.

आता प्रवास. तू प्रत्येक घरापासून ऑफिसपर्यंतची मिनिटं काढली आहेस. ती चुकीची नाहीत, पण मोजायचं अंतर ते नव्हे. शाळेच्या फाटकापासून ऑफिसच्या दारापर्यंत मोज, आणि ते दुपारच्या वेळेला मोज. प्राथमिक शाळा नऊच्या आसपास भरते आणि तीन-सव्वातीनला सुटते. त्यात एडिंबरा आणि शेजारच्या तिन्ही लोथियन कौन्सिलांत शुक्रवारी शाळा दुपारीच सुटते, साडेबाराच्या आसपास. ग्लासगोत तसं नाही. हा शुक्रवार भारतातून येणाऱ्यांना ठाऊक नसतो आणि पहिल्याच आठवड्यात तारांबळ उडते. आफ्टर-स्कूल क्लब असतात, पण त्यांना रांगा असतात, शुक्रवारची रांग सगळ्यात लांब, आणि क्लब शाळेचा असेलच असं नाही. म्हणून शाळेत जागा विचारशील त्याच दिवशी क्लबलाही मेल टाक. क्लब सहाच्या सुमाराला बंद होतो. तेवढ्यात तू किंवा नवरा तिथे पोचता का, हा खरा प्रश्न.

एडिंबरा पार्क शहराच्या पश्चिमेला आहे, हे ध्यानात ठेवून नकाशा बघ. ट्रॅम आणि रेल्वे दोन्ही तिथे थांबतात. लिव्हिंग्स्टन नॉर्थ आणि लिनलिथगोहून थेट गाड्या आहेत आणि रेल्वेतला वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास. पण लिव्हिंग्स्टन पसरलेलं गाव आहे, घर स्टेशनपासून चालत आहे की बसने, यावर सगळं अवलंबून. शिवाय लिव्हिंग्स्टन साउथ वेगळ्याच मार्गावर आहे, तिथल्या गाड्या एडिंबरा पार्कला येत नाहीत. साउथ क्वीन्सफेरी आणि फाइफमधलं इन्व्हरकीदिंग, डनफर्मलिन यांच्या गाड्याही तिथे थांबत नाहीत. साउथ गाइलला उतरून चालायचं किंवा एडिंबरा गेटवेला ट्रॅम धरायची. क्वीन्सफेरीचं स्टेशन डालमेनी नावाने शोध. विंचबराची नवी घरं आणि २०२२ ची नवी माध्यमिक शाळा तुझ्या यादीत आहेत. रेल्वे गावाला लागूनच धावते, पण मी हे लिहितोय तोवर तिथे स्टेशन नाही, त्यामुळे सगळा भार गाडीवर आणि बसवर. नॉर्थ बेरिकचा समुद्र फोटोत छान दिसतो, पण ते पूर्वेला आहे. अर्धा तास रेल्वेने वेव्हर्लीला, म्हणजे एडिंबऱ्याच्या मुख्य स्टेशनला यायचं आणि मग शहर ओलांडायचं. हॅडिंग्टनला तर रेल्वेच नाही.

माझा कौल विचारशील तर पहिलं घर शहराच्या पश्चिमेकडच्या कॉर्स्टोर्फिनच्या बाजूला भाड्याने घे. भाडं जास्त, घर लहान, पण ऑफिस बसने जवळ, शाळेतून फोन आला तर अर्ध्या तासात फाटकाशी. दुसरा पर्याय लिनलिथगो, स्टेशनपासून चालत असेल तरच. तिथून ग्लासगोलाही गाड्या आहेत, म्हणजे नवऱ्याची नोकरी कुठल्याही शहरात लागली तरी घर हलवावं लागणार नाही. त्याला नोकरी लागण्याआधी घर विकत घ्यायचं नाही, एवढं मात्र माझं ऐक.

गाडीवर सगळा हिशेब बांधू नकोस. भारतीय लायसन्स इकडे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, ते बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात आणि प्रत्यक्ष परीक्षेची तारीख महिनोन्महिने मिळत नाही. पहिल्या महिन्यात अर्ज कर, दहाव्यात नाही. जुनी गाडी घेणार असाल तर एडिंबऱ्याच्या मध्यभागात २०२४ च्या जूनपासून प्रदूषणाची हद्द लागू आहे: पेट्रोल युरो ४, डिझेल युरो ६ (युरोपातले धुराचे मानक) च्या खालची चालत नाही, दंड बसतो. रेल्वेचं तिकीट त्या मानाने सोपं झालंय, सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळेचे जादा दर काढून टाकले. आणि ५ ते २१ वर्षांच्या मुलांना बस मोफत आहे, त्याचं कार्ड आल्याआल्या काढ. मोठा एस१ ला जाईल तेव्हा त्याचा जाण्यायेण्याचा खर्च उरणार नाही.

वेळापत्रकाचं एक. शाळा जूनअखेर बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्याला उघडतात. जुलैत शाळेत फोन उचलायला कोणी नसतं. म्हणून कौन्सिलशी आणि शाळेशी बोलणं जूनच्या मध्यापर्यंत उरक. शक्य असेल तर तू एकटी आधी ये, चार-सहा आठवडे खोली घेऊन राहा, घर बघ, मग बाकीचे येतील. सुट्टीच्या तात्पुरत्या घराच्या पत्त्यावर शाळा मागू नकोस. बहुतेक वेळा मानत नाहीत, आणि मानलं तर मुलाची शाळा दोन महिन्यांत दोनदा बदलेल. घर घेऊन त्यात एकटीच राहत असेपर्यंत कौन्सिल टॅक्समध्ये (इकडची घरपट्टी) २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते.

भाड्याच्या घराला ठरावीक मुदत नसते. तुला सोडायचं तर २८ दिवसांची नोटीस पुरते. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते ३० कामाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत भरावं लागतं. एजंटने ‘फी’ म्हणून काही मागितलं तर देऊ नकोस, ते बेकायदा आहे. जाहिरातीत घरमालकाचा नोंदणी क्रमांक हवा. इकडचा पगाराचा इतिहास नसल्यामुळे काही महिन्यांचं भाडं आगाऊ मागतील, त्याची तजवीज ठेव. कंपनीचं पत्र सोबत असेल तर हा आकडा कमी करून घेता येतो. जुन्या दगडी इमारतीत लिफ्ट नसते. तिसऱ्या मजल्यावर रोज झोपलेली धाकटी आणि वाणसामान घेऊन चढायचं आहे, हे बघायला जाशील तेव्हा आठव. आणि जमलं तर अंधार पडल्यावर त्या भागात एकदा चक्कर मार, उन्हाळ्यात तो रात्री उशिरा पडतो. डिसेंबरात पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, शाळा ते घर हा रस्ता अंधारात कसा आहे ते कळेल.

कागद: दोघांचे जन्मदाखले, पासपोर्ट, व्हिसा, सही झालेला भाडेकरार, लसीकरणाची नोंद, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं. शाळा सोडल्याचा दाखला इकडे कोणी विचारणार नाही, तरी तिथून घेऊन ये. परत जायचं झालं तर भारतातली शाळा पहिल्यांदा तोच मागते.

पुढच्या पत्रात तीनच घरं पाठव. प्रत्येकाच्या नावापुढे माध्यमिक शाळा, पी६ च्या जागेबद्दल कौन्सिलचं उत्तर, शुक्रवारच्या क्लबचं उत्तर, आणि शाळेच्या फाटकापासून ऑफिसपर्यंत किती मिनिटं ते लिही. भाडं शेवटच्या रकान्यात चालेल.

मुलांना आशीर्वाद.
तुझा,
काका