पितळी वाटीला संत्र्याची साल का येते?

प्रश्न: साकीनाक्याला आमचं छोटं प्रेसचं काम आहे, पितळी वाट्या काढतो. नवीन लॉटमध्ये वाटी बाहेरून संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत निघतेय, बफिंगवाला (घासून चकाकी देणारा) कटकट करतो. डाय (वाटीचा साचा) तर आत्ताच पॉलिश केलीय, मग चुकतंय कुठे? – एक वाचक, अंधेरी

उत्तर: डायला उगाच शिव्या घालू नका, बहुतेक पत्र्यातच गडबड आहे. पत्रा दिसतो सपाट पण आत असतात हजारो दाणे, म्हणजे क्रिस्टल, आणि प्रत्येकाची दिशा वेगळी, त्यामुळे पत्रा ताणला की एक दाणा जास्त सरकतो, शेजारचा कमी, आणि वर उंचवटे-खड्डे उठतात. दाणा जितका मोठा आणि ताण जितका जास्त तितकी साल ठळक. वाटी नीट बघा, जिथे पत्रा डायवर घट्ट दाबला गेला तिथे उंचवटे चेपून गुळगुळीत झाले असणार आणि जिथे तो मोकळा ताणला गेला तिथेच साल दिसेल. उलट खेचण्याच्या दिशेने सरळ ओरखडे असते तर मी पण डाय किंवा ऑइलवरच संशय घेतला असता.

दाणे मोठे होतात ते भट्टीत, पत्रा नरम करताना जास्त तापवला किंवा जास्त वेळ ठेवला की. (आमच्या ओळखीत एकजण जेवायला गेला आणि लॉट भट्टीतच राहिला, पुढचं सांगायला नको!) सप्लायरकडे ग्रेन साइज, म्हणजे दाण्याचं माप, मागा, एएसटीएम (अमेरिकन मानक) नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. पण फार बारीक मागवलात तर पत्रा कडक येतो, खोल वाटी फाटू शकते, तेव्हा आधी दहा-वीस पीस काढून बघा.