नदीचा गाळ बागेत टाकण्याआधी

प्रश्न : साहेब, सायखेड्याजवळ गोदावरीच्या पात्रातला काळा गाळ द्राक्षबागेत टाकायचा विचार आहे. पण वर नाशिकच्या कारखान्यांचं पाणी नदीत येतं, म्हणून घरचे नको म्हणतात. मातीसारखीच गाळाची तपासणी केली तर भागेल का?

उत्तर : भागणार नाही. माती तपासल्यावर मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन एवढ्याच बाबी असतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल त्यात येत नाहीत. पत्रिका उत्तम आली तरी तुमच्या शंकेला उत्तर मिळत नाही. प्रयोगशाळेत ‘अम्लपचन करून (म्हणजे नमुना आम्लात विरघळवून) एकूण जड धातू’ अशी वेगळी मागणी करा आणि त्यात लोहही मोजायला सांगा. ते कशाला, ते पुढे येईल.

नमुना काढताना लोखंडी फावडं किंवा जस्ताची बादली वापरू नका, प्लास्टिकचं खुरपं घ्या. वरचा पंधरा सेंटिमीटर थर पाच-सहा ठिकाणांहून घेऊन एकत्र करा आणि सावलीत वाळवा. वाळू नको, बारीक चिकट गाळ घ्या. धातू चिकणमातीच्या कणांनाच धरून बसतात, त्यामुळे वाळूचा नमुना उगाच स्वच्छ दिसतो. तेलकट तवंग किंवा रसायनाचा वास असेल तर त्यासाठी दुसरा नमुना काचेच्या बरणीत, न वाळवता द्यावा लागतो.

अहवाल आला की खरी गफलत सुरू होते. नदीच्या गाळासाठी २००० साली प्रसिद्ध झालेले मापदंड जगभर वापरले जातात. त्यात तांब्याची खालची पातळी, म्हणजे जिच्याखाली सहसा धोका धरत नाहीत ती, किलोला ३१.६ मिलिग्रॅम आणि निकेलची २२.७ आहे. आपली जमीन काळ्या पाषाणातून (बेसॉल्टमधून) झालेली, आणि त्या पाषाणातच तांबे शंभराच्या आसपास सापडतं. म्हणजे एकही कारखाना नसलेल्या ओढ्याचा गाळसुद्धा तिथे ‘प्रदूषित’ ठरेल. शिसे आणि कॅडमियमचं उलट आहे. ते या पाषाणात मुळातच फार कमी, म्हणून तिथली थोडी वाढही बोलकी असते.

म्हणून माझा आग्रह आहे की नुसता आकडा बघू नका, तुलना करा. शहराच्या वर, गंगापूर धरणाच्या काठचा गाळ आणि तुमच्या बांधावरची माती, हे दोन नमुने सोबत द्या. बांधावरची अशासाठी, की बागेत वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, पडलेलं आहे. बागेतलं तांबे नदीने नाही, आपणच आणलंय! मग प्रत्येक धातूच्या आकड्याला त्याच नमुन्यातल्या लोहाने भागा (लोह मुख्यतः पाषाणातूनच येतं, म्हणून ते मोजपट्टी) आणि सायखेड्याचं गुणोत्तर गंगापूरच्या गुणोत्तराशी ताडून बघा. एकपटीच्या आसपास आलं तर तो पाषाणाचा गुण. दोनपटीच्या वर गेलं तर बाहेरची भर, आणि पाचपटीच्या वर गेलं तर ट्रॅक्टर परत पाठवा. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी किलोला शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढचा गाळ मी तरी शेतात येऊ देणार नाही, मग तो कितीही काळाभोर असो.

काळा आणि कुजका वास येणारा गाळ लगेच पसरू नका. पाण्याखाली हवा नसते तेव्हा धातू गंधकाशी बांधलेले राहतात. उन्हात हवा लागली की ते सुटतात. आपल्या चुनखडीच्या, आठच्या आसपास सामू असलेल्या जमिनी त्यातले बरेचसे पुन्हा धरून ठेवतात. अपवाद षट्संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा. धातूवर मुलामा देण्याच्या कामातून तो येऊ शकतो आणि अशा जमिनीत तो अडत नाही, पाण्याबरोबर खाली विहिरीकडे सरकतो. सातपूर-अंबड भागातून येणारी नासर्डी गोदेला मिळते, त्या संगमाखालचा गाळ असेल तर ही चाचणी वेगळी मागा. नमुना ओलाच, बर्फात ठेवून द्यायचा.

प्रश्न : नदीचं पाणी तपासलं होतं, चांगलं आलं. मग गाळ कशाला?

उत्तर : पाण्याचा नमुना त्या दिवसापुरता. धातू कणांना चिकटून तळाला बसतात, विशेषतः नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे प्रवाह मंदावतो तिथे.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात गाळ टाकून झालाय. आता?

उत्तर : आधी माती तपासा. तोवर त्या वावरात पालक, मेथी, कोथिंबीर घेऊ नका. पालेभाज्या कॅडमियम चटकन उचलतात, द्राक्षाच्या मण्यात त्या मानाने कमी जातं. शेणखत चालू ठेवा आणि सामू खाली आणणारी खतं जपून वापरा. यापुढे पात्रातून काही उचलायचं तर आधी तहसील कार्यालयात विचारा.