ब्लेंडरमध्ये केलेले डोंगर आणि जंगल खेळण्यातले दिसतात, चोर्ला घाटासारखे खरे कसे दिसतील?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की ब्लेंडर हे फुकटातलं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकतोय, ट्युटोरियल बघून डोंगर केला, त्याच्यावर झाडं टाकली तरी सगळं खेळण्यातलं दिसतंय, लॅपटॉप साधा आहे, तर आता पैसे घालून दुसरं एखादं सॉफ्टवेअर घ्यावं काय. आत्ताच घेऊ नका ओ. मी बेळगावात हेच काम करतोय, चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या जांबोटी-कणकुंबी बाजूच्या रिसॉर्टवाल्यांचे वॉकथ्रू, म्हणजे जागेतून फिरल्यासारखे व्हिडिओ, आणि आमचं बहुतेक काम ब्लेंडरमध्येच होतंय. तुमच्या सीनची अडचण वेगळी आहे. त्यातली कुठलीच गोष्ट तिथं का आहे हे तुम्ही ठरवलेलं नाही, उतार तिथं का, झाड तिथं का, दगड उघडा का. बघणाऱ्याला भूगोल येत नसला तरी डोळ्याला हे बरोबर खटकतंय.

आधी डोंगर. ट्युटोरियलमधला डोंगर म्हणजे नुसता नॉइज, गणितानं काढलेली वेडीवाकडी वर-खाली, असतोय. केन पर्लिन या कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यानं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते गणित बसवलं, 1997 ला ऑस्करवाल्यांनी त्यासाठी त्याला टेक्निकल पुरस्कार दिला, आणि आजही ढगापासून संगमरवरापर्यंत सगळीकडे तेच चालतंय, त्यामुळं नॉइज वाईट असं कोण म्हणणार नाही. पण त्याला वर-खाली कळत नाही. नॉइजचा डोंगर उलटा करून बघा, खड्ड्यांचे डोंगर आणि डोंगरांचे खड्डे होतात आणि तरीही जवळपास तसाच दिसतोय. खरा डोंगर उलटा केला की लगेच चोरी पकडली जाते, कारण त्याच्यावर लाखो वर्षं पाऊस पडलाय, पाणी माती ओढत खाली आलंय, ओहोळ नाल्याला मिळालेत, नाले नदीला, आणि जिथं उतार कमी झाला तिथं तो सगळा गाळ पसरलाय. हे कॉम्प्युटरवर करायचं म्हणजे इरोजन. 1989 सालीच मस्ग्रेव्ह नावाच्या ग्राफिक्सवाल्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी हे करून दाखवलेलं, एक पाण्याची झीज आणि दुसरी कड्यावरून सुटलेल्या दगडमातीची घसरण. त्या घसरलेल्या ढिगाचा उतार साधारण 30 ते 40 अंशांवर येऊन थांबतोय, म्हणून कड्याच्या पायथ्याला तो तिरका पट्टा नसला की कडा जमिनीत खुपसल्यासारखा वाटतोय. ब्लेंडरसाठी ए.एन.टी. लँडस्केप नावाचा फुकट ॲडऑन आहे, त्यात इरोजन आहे, शिकायला तेवढं बास. पुढं गाया नाहीतर वर्ल्ड मशीन ही डोंगर करायची सॉफ्टवेअर बघा, दोन्हीच्या फुकट आवृत्त्या मर्यादित आहेत पण हात बसवायला चालतात.

आता आपल्याकडची एक गोष्ट ट्युटोरियलवाले सांगणार नाहीत, कारण ते बहुतेक आल्प्ससारखे डोंगर करतात, टोकदार, वर बर्फ. आपल्या सह्याद्रीला टोक कमी आणि माथा सपाट. आंबोली-तिलारीच्या बाजूला बघा, बेसॉल्टचे आडवे थर एकावर एक बसलेत आणि वर जांभ्याची टोपी, त्यामुळं कडा, मग थोडी सपाटी, परत कडा असं पायरी-पायरीनं खाली जातंय. गोकाकला गेला तर दगडच वेगळा, वालुकाश्माचा सरळ कडा आणि त्यावरून घटप्रभा 52 मीटर खाली पडतेय. म्हणजे पायऱ्या पाडणाऱ्या एकाच टेरेस नोडनं दोन्ही करायला गेलात तर दोन्ही खोटे दिसणार. कुठला डोंगर करायचाय ते आधी ठरवा, फोटो काढून आणा, मोबाईलचे चालतात.

आणि खरं सांगू काय, शिकताना डोंगर मनानं करूच नका. उंचीचा डेटा फुकट मिळतोय की. 2000 च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर शटलनं रडारनं जगातली साधारण 80 टक्के जमीन मोजली, तो एसआरटीएम डेटा साधारण 30 मीटरच्या जाळीत, म्हणजे दर 30 मीटरला एक उंची असा, उतरवता येतो, आणि इस्रोच्या भुवन वेबसाइटवर कार्टोसॅट उपग्रहाचा पण आहे. त्याचा हाइटमॅप, म्हणजे उंच तिथं पांढरं आणि खोल तिथं काळं असं चित्र, करताना दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे 8 बिटची इमेज, त्यात उंचीच्या फक्त 256 पायऱ्या असतात, चोर्लाचा माथा धरा 800 मीटर, म्हणजे एक पायरी तीन मीटरच्या वर गेली, मग उतारावर भातखाचरं केल्यासारखे कट्टे दिसतात. 16 बिट घ्या, 65,536 पायऱ्या मिळतात, विषय संपला. दुसरं म्हणजे इमेजचा कलर स्पेस नॉन-कलर करायला, म्हणजे हा रंग नाही नुसते आकडे आहेत हे ब्लेंडरला सांगायला, विसरणं, मग सगळा आकारच वाकडा होतोय आणि माणूस रात्रभर मॉडिफायरशी भांडत बसतोय. उंची जास्त ताणू पण नका, प्रत्येक नवशिक्याला वाटतंय की डोंगर भारी दिसावा म्हणून झेड, म्हणजे उंची, दुप्पट करावी. 30 मीटरच्या जाळीत जवळचं बारीक काही नसतंय, ते कॅमेऱ्याच्या पुढ्यात वेगळा नॉइज आणि दगड घालून भरायचं, नॉइजची खरी जागा ही.

जंगलाकडं या. तुमच्या रेंडरमध्ये, म्हणजे तयार झालेल्या चित्रात, झाडं ढोकळ्यावर कोथिंबीर भुरभुरल्यासारखी पडलीत, सगळीकडे सारखी. मी उलटं करतोय, आधी झाड कुठं नाही ते रंगवतोय. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ सपाटीवर, माती बोटभर, तिथं गवत, मोठं झाड नाही. उभ्या कड्यावर नाही. मग नाला धरून दाट, कारण पाणी आणि माती तिथं जमतेय. इरोजनच्या सॉफ्टवेअरमधून पाणी कुठून वाहतंय तो फ्लोचा मॅप बाहेर काढता येतो, तोच झाडांच्या डेन्सिटीला मास्क म्हणून, म्हणजे कुठं किती झाडं ते सांगणारं काळं-पांढरं चित्र म्हणून, जोडा, सोबत उताराचा मास्क, निम्मं जंगल आपोआप जागेवर बसतंय. ब्लेंडरच्या जॉमेट्री नोड्समध्ये झाडं पसरवायला डिस्ट्रिब्यूट पॉइंट्स ऑन फेसेस घेऊन पॉइसन डिस्क निवडा, म्हणजे दोन झाडं एकात एक घुसत नाहीत. आणि त्या नोडचं रोटेशन झाडाला जोडू नका! ते उताराला काटकोनात उभं करतंय, मग घाटातली सगळी झाडं दरीकडं कललेली. झाड उतारावर असलं तरी वर सरळच जातंय. गवताला आणि दगडाला मात्र ते रोटेशन जोडा.

जंगलाची कड तर कोणच करत नाही. चोर्ला रस्त्यानं जाताना गाडी थांबवून बघा, रस्त्याकडेला उजेड मिळतोय म्हणून झुडपं, वेली, कारवी यांची हिरवी भिंत असतेय, आणि आत चार पावलं गेलं की खाली मोकळं, अंधार, पाला आणि नुसती खोडं. तुमच्या सीनमध्ये बाहेरूनच खोडं दिसतात, म्हणून ते जंगल न वाटता बाग वाटतंय. मध्ये काही पडलेली, वाळलेली खोडं हवीत, लहान रोपं हवीत. पाच-सहा मॉडेल पुरतात, फिरवून आणि आकार कमी-जास्त करून, पण एक जात एका ठिकाणी झुबक्यानं ठेवा. आणि जात बघून घ्या. आमच्या जिल्ह्यातच कणकुंबीला पावसानं कायम हिरवं आणि अथणीला जाईपर्यंत बाभळ, तर परदेशी पाइनचं फुकट मॉडेल घाटात टाकलंत की गावातला पोरगा पण हसणार.

पानांचं. हिरवा रंग तुम्ही फार भडक ठेवलाय, खरं पान आपल्याला वाटतंय त्यापेक्षा काळपट आणि पिवळसर असतंय, रंगाचा भडकपणा निम्म्यानं खाली आणा. मटेरियलमध्ये उजेड आरपार झिरपू देणारा ट्रान्सलुसंट मिसळा, सूर्य पाठीमागे असला की पान उजळतंय ते त्यानं येतंय, प्लास्टिकपणा बराचसा इथंच जातोय. आतली पानं काळी ठिक्कर येत असतील तर सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये ट्रान्सपरंट बाउन्स, म्हणजे किरण किती पारदर्शक थर पार करणार तो आकडा, वाढवा, मूळ सेटिंग 8 असतंय आणि कापलेल्या चित्राची पानं एकामागे एक आली की ते संपून जातंय.

उजेडाला जास्त वेळ घालवू नका, स्काय टेक्स्चर लावा आणि सूर्य सकाळ-संध्याकाळचा खाली ठेवा. लांबचा डोंगर मात्र जवळच्याइतका गडद ठेवला तर अंतरच मरतंय. मिस्ट पास, म्हणजे अंतराप्रमाणे फिकट होत जाणारं चित्र, काढून रेंडरनंतर कंपोझिटमध्ये मिसळा, उन्हाळ्यात निळसर, पावसाळ्यात पांढरट राखाडी. खरा व्हॉल्यूम, म्हणजे हवेत भरलेलं खरं धुकं, तुमच्या लॅपटॉपला झेपणार नाही. कॅमेरा माणसाच्या डोळ्याइतका, दीडेक मीटरवर, आणि सीनमध्ये एखादा विजेचा खांब किंवा बस ठेवा, त्याशिवाय डोंगर केवढा आहे ते कळत नाही.

लॅपटॉपबद्दल एवढंच, की झाडं कॉपी करू नका, इन्स्टन्स करा, म्हणजे एकच झाड सगळीकडे नुसतं दाखवायचं. 2 लाख पॉलिगॉनचं झाड 10 हजार वेळा कॉपी केलं तर 200 कोटी होतात, मशीन झोपतंय. इन्स्टन्सला मेमरीत झाड एकदाच बसतंय. कॅमेऱ्याला न दिसणारी काढून टाका, लांबची हलकी मॉडेल ठेवा.

आणि पहिलाच सीन चोर्लाचा नको. तुमच्या दारातला तवंदी घाट घ्या, त्याला जंगलाचं ओझं नाही. डेटा उतरवून फक्त डोंगर, गवत, हायवे आणि थोडी झाडं, एवढं करून इथंच रेंडर टाका, सोबत टेक्स्चर नसलेला साधा राखाडी रेंडर पण टाका. डोंगर खोटा असला तर त्यात लगेच दिसतंय, मी बघून सांगतो.