कलम लागलं की धारा लागली?

वरूड तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलंय: बगीच्यातल्या मोटरीची केबल चोरीला गेली, ठाण्यात तक्रार दिली, तर एफआयआरच्या प्रतीवर 'भा.न्या.सं. कलम ३०३(२)' असं आलं. मोठे भाऊ म्हणतात, "चोरीची धारा ३७९ असते, ठाणेदारानं कलमच चुकीची लावली." मग धारा बरोबर की कलम? आणि कलम 'लागली' की 'लागलं'?

भाऊसाहेब एका वाक्यात तीनदा चुकले. आकड्याचं लवकर उरकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता, म्हणजे तुमच्या प्रतीवरची भा.न्या.सं., आली. त्या दिवसापासून झालेल्या चोरीला ३०३(२), आधीच्या चोरीला जुनंच ३७९. जुन्या संहितेत ५११ कलमं होती, नव्यात ३५८. म्हणजे ४२० हा आकडाच तिच्यात बसत नाही. फसवणूक आता ३१८(४)मध्ये आहे. गावातले चारसोवीस मात्र आहेत तिथेच आहेत. खून १०३मध्ये गेला आणि ३०२ नंबर मिळाला धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याला. तेव्हा पारावर 'तीनशेदोन झाला' म्हणताना जरा जपून.

माझं डोकं फिरतं ते 'धारा' ऐकून. पावसाच्या धारा, रक्ताच्या धारा, दुधाच्या धारा. यांतली एकही फौजदारी नाही. कायद्याची 'धारा' हिंदीची. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ती असेल तर मी समजू शकतो. पण मराठी बातमीत 'विविध धारांखाली गुन्हा' असं वाचलं की छत्री उघडावीशी वाटते. आपल्याकडे कलम आहे, त्याच्या पोटात पोटकलम आहे. वरच्या ३०३(२) मधला कंसातला २ म्हणजे पोटकलम. इतका नेमका शब्द टाकून धारेखाली जाऊन उभं राहायचं कशाला?

आता कलमाकडे येऊ. मूळ ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू, वेत. तिथून अरबीत 'कलम', अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्या दफ्तरात. फारसीत कलम म्हणजे लेखणी, आणि यादीतली एकेक बाबही. हीच बाब आपल्या कायद्यात शिरली. 'एककलमी कार्यक्रम' म्हणतो तेव्हाही हीच बाब, लेखणी नव्हे.

आणि संत्र्याचं कलम? तेही तेच. बोरू तासताना टोकाला तिरपा छेद देतात. आंब्याचं पाचर कलम बांधताना काडीलाही तसाच तिरपा छेद देतात. माझं ठाम मत आहे की हे नाव त्या छेदावरून पडलं. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेत मी हा सिद्धांत मांडला, तेव्हा एका माळीकाकांनी चाकू न थांबवता सांगितलं, "संत्र्याले काडी नाही लावत जी, डोळा भरतो आमी." जंबेरीच्या खुंटाच्या सालीला इंग्रजी टीसारखी चीर पाडून, आत संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटीचा अंकुर, सरकवून वर पट्टी बांधलीही. खरं आहे. पण म्हणतात कलमच ना! आणि गंमत बघा, लॅटिनमध्ये 'कालामुस' या शब्दाला बोरू आणि कलमाची काडी असे दोन्ही अर्थ आहेत. लिहिणारा आणि माळी एकाच काडीवर बसलेत, तेही दोन खंडांत.

संस्कृत कोश छातीशी धरून बसणाऱ्यांना हे पटत नाही. ते कालिदासाला साक्षीला आणतात: रघुवंशात 'कलम' आहे. आहे, पण तो भात आहे, उपटून पुन्हा लावलेला. भंडारा-गोंदियात रोवणी होते तो. रोवणीचा भात आणि दफ्तरातली लेखणी यांची नुसत्या उच्चारावरून सोयरीक जुळवायची असेल तर त्याच कोशातला पुढचा अर्थही घ्या: कलम म्हणजे चोर. मग 'चोरावर कलम लावलं' याचा अर्थ चोरावर चोर बसवला असा करायचा का?

हो, तुमचा लिंगाचा प्रश्न राहिला. लेखणीला कुणी 'ती कलम' म्हणतात, म्हणू द्या. झाडाचं आणि कायद्याचं दोन्ही नपुंसकलिंगी: ते कलम, ती कलमं. म्हणून ठाणेदारानं कलम लावलं, आणि तुमच्या बाबतीत बरोबरच लावलं. केबलचं बिल मात्र जपून ठेवा. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. तुम्हाला एफआयआर मिळाला त्याअर्थी केबल त्यावरची धरलेली दिसते. आतली असती तर नुसती नोंद झाली असती. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी छापलं असतं, 'अदखलपात्र गुन्हा दाखल'. दखल आणि दाखल दोन्ही एकाच अरबी धातूचे, अर्थ आत शिरणं. ज्यात पोलिसांनी आपणहून शिरायचं नाही असं कायदा सांगतो, ते बातमीदार मथळ्यातच आत शिरवून मोकळा होतो.