सगळ्या जणी तुझ्याकडेच मन मोकळं करतात, म्हणून कोच व्हावं का?

प्रिय मैत्रिणी,

तू लिहितेस की मानसशास्त्रातल्या एमएचं शेवटचं वर्ष चालू आहे, मैत्रिणी अडचणीत सापडल्या की आधी तुझ्याकडे येतात आणि इंटरनेटवरच्या भावनिक बुद्धिमत्तेच्या एका चाचणीत तुला ‘अति उत्तम’ असा शेरा मिळाला. त्यामुळे नोकरी-व्यवसायातल्या माणसांसाठी व्यावसायिक कोच, म्हणजे सल्ला देण्याऐवजी ऐकून आणि प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करणारी व्यक्ती, व्हायचं तुझ्या मनात आहे. एवढं भांडवल पुरेल का, आणि लगेच कोर्स करू की आधी नोकरी, हे तुझे दोन प्रश्न. पण पत्राच्या शेवटी जाता जाता तू आणखी एक लिहिलं आहेस: कुणाचं दुःख ऐकलं की त्या रात्री झोप लागत नाही आणि काहीतरी तोडगा सुचवेपर्यंत चैन पडत नाही. माझं बरंचसं उत्तर या वाक्यालाच आहे.

चाचणीचा विषय आधी संपवू. अशा बहुतेक चाचण्यांत आपणच आपल्याबद्दल सांगतो: मला दुसऱ्याच्या भावना कळतात का, मी शांत राहते का. चेहरे आणि प्रसंग समोर ठेवून प्रत्यक्ष क्षमता तपासणाऱ्या चाचण्या वेगळ्या असतात आणि या दोन्हींच्या निकालांचा फारसा मेळ बसत नाही. त्या शेऱ्यावर करिअरचा निर्णय घेऊ नकोस.

पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली. १९९७ मध्ये त्यांनीच तिचे चार भाग केले: भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कशा बदलतात आणि एकमेकींत मिसळतात हे समजणं आणि त्या हाताळणं. पहिला भाग तुझ्याकडे आहे, हे पत्रातून दिसतं. कोचचा कस मात्र चौथ्या भागात लागतो, आणि तिथेही आधी स्वतःच्या भावना हाताळण्यात.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आण. बढती हुकलेला एक अधिकारी तुझ्यासमोर बसला आहे. “मला त्याचं काही वाटत नाही,” असं तो म्हणतो, पण जबडा आवळलेला आहे. हे तुला तत्क्षणी दिसेल. त्याच क्षणी तुझ्या आतही काहीतरी हलेल: त्याला धीर द्यावा, पुढच्या वेळी काय करायचं ते सांगावं, निदान ही अवघड शांतता तरी मोडावी. ही ओढ त्याच्या दुःखातून येते तितकीच तुझ्या अस्वस्थतेतूनही येते. तिला वाट दिलीस तर सुटका तुझी होईल आणि त्याचा विचार अर्ध्यावर तुटेल. म्हणून ती ओळखायची आणि थांबायचं. मग, वाटलंच तर, जे दिसलं तेवढंच सांगायचं: “हे बोलताना तुमचा आवाज बदलल्यासारखा वाटला. काय चाललं होतं मनात?” तो “काही नाही” म्हणाला तर तेही मान्य करायचं. कदाचित थोड्या वेळाने तो म्हणेल, “घरी अजून सांगितलेलं नाही. लाज वाटते.” आता संभाषणाचा विषयच बदलला. पुढच्या बढतीच्या तयारीबद्दल तू दिलेला उत्तम सल्ला इथे निरुपयोगी ठरला असता.

“लाज” हा शब्द त्याने स्वतः उच्चारला, याला मी फार महत्त्व देतो. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधल्या प्रयोगात, भावनेला शब्दांत नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावलेली दिसली. पण नाव अचूक हवं आणि ते ज्याचं त्याला सापडायला हवं. तू “तुम्हाला राग आलाय” असं ठामपणे सांगितलंस तर तो तुझा अंदाज आहे, आणि भिडस्त माणूस तुझा मान राखायला त्याला होही म्हणेल.

याचा अर्थ चेहरा कोरा ठेवायचा असं मात्र समजू नकोस. भावना चेहऱ्यावर उमटू न देण्याची धडपड महागात पडते. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस यांच्या २००० मधल्या अभ्यासात, अशा भावना दडपणाऱ्यांना समोर घडलेलं आणि बोललं गेलेलं कमी आठवलं. ज्या कोचचं लक्ष स्वतःला आवरण्यात गेलं, तो ऐकणार कसा?

मग तुझ्या झोपेचं काय? तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या संशोधनात फार उपयोगाचा एक फरक पुढे आला आहे. दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवण्याचा सराव केलेल्यांच्या मनात त्रासदायक भावना वाढल्या. पुढे सराव करणाऱ्या त्याच लोकांनी करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं अशा आस्थेचा, सराव केला तेव्हा तो त्रास उतरला. म्हणजे तुझा हळवेपणा कमी करायची गरज नाही, त्याची दिशा बदलता येते. ‘हिचं दुःख माझ्या अंगावर आलं’ इथून ‘हिला बळ मिळो, मार्ग ती शोधू शकते’ इथपर्यंत जायचं आहे. हे सरावाने येतं.

दुसरी एक जोखीम मला झोपेहून मोठी वाटते. सगळ्यांची लाडकी असलेल्या माणसाला नावडतं होणं जड जातं. कोचिंगचे पैसे अनेकदा कंपनी देते आणि मग वरिष्ठ सहज विचारतात, “काय म्हणत होता तो?” तिथे नम्रपणे, पण स्पष्ट नकार द्यावा लागतो. समोरच्यात नैराश्याची चिन्हं दिसली तर “हे माझ्या कामाच्या बाहेरचं आहे, आपण तज्ज्ञांची मदत घ्यायला हवी” हेही सांगावं लागतं. प्रेमळ माणसं नेमकी इथे अडखळतात.

आता कोर्स. बहुतेक देशांत कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, म्हणून प्रशिक्षण पारखून घे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या एसीसी या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. पुढच्या पीसीसी या पायरीला हेच तास अनुक्रमे १२५ आणि ५००. या संस्थेने कोचसाठी ठरवलेल्या आठ मूलभूत क्षमतांमध्ये कोचने स्वतःच्या भावनांचं नियमन करणं स्पष्ट शब्दांत नोंदवलेलं आहे. कोर्स निवडताना एवढं विचार: माझं प्रत्यक्ष संभाषण ऐकून कुणी अभिप्राय देणार का? नुसतीच व्याख्यानं असतील तर तो सोड.

माझं मत विचारशील तर आधी दोन-तीन वर्षं नोकरी कर. मनुष्यबळ विभाग असो वा प्रशिक्षण, जिथे चार लोकांबरोबर काम करावं लागतं असं काहीही चालेल. वरिष्ठांनी सर्वांदेखत चूक काढली की काय होतं, हे पुस्तकातून कळत नाही. कोर्स नोकरी सांभाळून दुसऱ्या वर्षी सुरू करता येईल.

सराव मात्र आजपासून कर. पुढच्या वेळी मैत्रीण आली की आधी विचार, “तुला फक्त ऐकणारं कुणी हवंय की सल्ला?” ती गेल्यावर वहीत दोन रकाने कर. एकात तिने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिही, दुसऱ्यात त्या वेळी तुला काय होत होतं ते. दोन-तीन महिन्यांनी दुसरा रकाना सलग वाच. तुला सल्ल्याची घाई नेमकी कधी होते, कुणाच्या रडण्याने, कुणाच्या रागाने की नुसत्या शांततेने, ते त्यात दिसू लागेल. प्रशिक्षणाला जाशील तेव्हा ती वही मार्गदर्शकाला दाखव आणि कामाची सुरुवात तिथूनच कर.