पॅच यंत्राने काढला, नावं कुणाची लिहायची?

प्रिय मित्रा,

लिनक्स कर्नलसाठी तू केलेली अकरा पॅचची, म्हणजे कोडमधल्या सुट्या बदलांची, मालिका वाचली. के-मॅलॉक (मेमरी मागणं) आणि लगेच खाली मेमकॉपी (तीत मजकूर उतरवणं) अशा जोड्या हुडकून त्या जागी दोन्ही एकदम करणारं के-मेमडुप बसवायचं काम तू कॉक्सिनेलकडून, म्हणजे ठरलेल्या नियमाने सी कोड शोधून बदलणाऱ्या साधनाकडून, करून घेतलंस, आणि कॉक्सिनेल जिथे अडलं तिथे एआय सहायकाकडून; सोबत काही बगही दुरुस्त केलेस. बदल बरोबर आहेत. अडतं ते कमिट मेसेजपाशी, म्हणजे प्रत्येक बदलासोबतच्या टिपणापाशी. अकराच्या अकरा ठिकाणी माणसाचं नाव एकच आहे, तुझं. तू कुणाचं काही लाटलेलं नाहीस. यंत्राकडून करून घेतलेल्या कामात मागची माणसं आपोआप दिसेनाशी होतात, इतकंच. ती पुन्हा दिसतील असं लिहिणं मात्र पॅच पाठवणाऱ्याकडे येतं.

सुरुवात नियमापासून कर. तू चालवलेला नियम कर्नलच्याच सोर्समध्ये, स्क्रिप्ट्सखालच्या कॉक्सिनेल फोल्डरमध्ये आहे. ती फाइल उघड. माथ्यावर निकोला पालिक्स, ज्युलिया लॉवॉल आणि जिल म्युलर यांची नावं दिसतील. नमुना कुठला, तो कधी लागू होतो आणि कधी नाही, हा विचार त्यांनी करून ठेवलाय. तू एक कमांड दिलीस. म्हणून त्यांची नावं पॅचखाली टॅगने (मेसेजच्या शेवटी 'अमुक-बाय' आणि पुढे नाव अशी ओळ) चिकटवायची असं नाही, कारण त्यांनी तुझा पॅच पाहिलेलाही नाही. मेसेजच्या मजकुरात 'जनरेटेड बाय' लिहून त्यापुढे नियमाच्या फाइलचा पूर्ण पाथ दे. एवढ्याने नियमाच्या कर्त्यांपर्यंत वाट राहते आणि रिव्ह्यू करणाऱ्याला तोच नियम स्वतः चालवून पाहता येतो. नियमात तू फेरफार केला असशील तर पाथ पुरत नाही. मग बदललेला नियम जसाच्या तसा मेसेजमध्ये उतरव. आणि हा फेरफार दुसऱ्या कुणी सुचवला असेल तर त्या माणसासाठी 'सजेस्टेड-बाय' आहे.

इथे एक धोका आहे. कॉक्सिनेल प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी बंद भाग गाळणारी पायरी) चालण्याआधीचा सोर्स वाचतं, त्यामुळे तुझ्या कॉन्फिगमध्ये बंद असलेल्या ड्रायव्हरमध्येही ते बदल करतं. तुझा बिल्ड बिनचूक झाला याचा अर्थ त्या फाइल्स कंपाइल झाल्या असा होत नाही. तुझ्या मालिकेत अशा दोन फाइल्स आहेत, आणि दोन्ही दुसऱ्या आर्किटेक्चरच्या (वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या) आहेत. त्या आर्किटेक्चरसाठी कोड बांधणारा क्रॉस-कंपायलर लावून त्या बांधून पाहा. हार्डवेअर हाताशी नसेल तर 'फक्त कंपाइल करून पाहिलं' असं स्पष्ट लिही. कुणी खरंच बोर्डवर चालवून पाहिलं तर त्याला 'टेस्टेड-बाय' मिळतं, पण ती ओळ त्याने स्वतः द्यायची असते. तू त्याच्या वतीने लिहायची नसते.

आता एआयचं. कर्नलच्या कागदपत्रांत कोडिंग सहायकांसाठी वेगळं पान आहे आणि त्यातला मुख्य नियम पक्का आहे. सहायकाने 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहायचं नाही. ही ओळ म्हणजे आभार नव्हेत, ते प्रमाणपत्र आहे. लिनक्समध्ये आपला कोड वापरल्याचा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर, 2004 मध्ये, कर्नलमधला प्रत्येक तुकडा कुठून आला हे दाखवता यावं म्हणून डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आणलं गेलं. हा कोड माझा आहे किंवा योग्य परवान्याखाली मला देता येतो, अशी हमी सही करणारा देतो, आणि हमी फक्त माणूस देऊ शकतो. तेव्हा सहायकाने लिहिलेली प्रत्येक ओळ तू वाचलेली आणि तुला समजलेली हवी. तिथे 'यंत्राने दिलं' हे उत्तर चालत नाही.

सहायकाचा उल्लेख 'असिस्टेड-बाय' या टॅगने करायचा. आधी साधनाचं नाव, मग अपूर्णविराम (:), मग मॉडेलची आवृत्ती. त्याच ओळीत पुढे कॉक्सिनेल, स्पार्स, स्मॅच यांसारखी विश्लेषणाची साधनं वापरली असतील तर ती. जीसीसी, मेक, गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन), एडिटर अशा रोजच्या साधनांची नावं नकोत. काही सहायक कमिट करताना आपणहून 'को-ऑथर्ड-बाय' अशी ओळ घालतात. तुझ्या चौथ्या आणि सातव्या पॅचमध्ये ती राहून गेलीय, ती काढ. सहलेखक म्हणजे ज्याला उद्या त्या ओळीबद्दल जाब विचारता येईल असा माणूस. सहायकाकडून करून घेतलेली तपासणीही 'रिव्ह्यूड-बाय' होत नाही. ते विधानसुद्धा माणसाचं आहे.

हा नियम सगळीकडे सारखा नाही. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल 2024 मध्ये एआयच्या मदतीने केलेलं योगदान घ्यायचं नाही असं ठरवलं. 2025 मध्ये क्यूएमू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रकल्पानेही तसंच धोरण घेतलं. तिथे टॅग लावून काम भागत नाही, आणि टॅग न लावता गुपचूप पाठवणं तर थेट फसवणूक आहे. म्हणून प्रकल्प बदलला की आधी त्याचं योगदानाचं पान वाच, मग साधन उघड.

बग शोधणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. तुझा सहावा पॅच सिझबॉटने, म्हणजे कर्नलला आपोआप उलटसुलट इनपुट देऊन बग हुडकणाऱ्या बॉटने, कळवलेल्या बगवर आहे. त्याच्या ईमेलमध्ये 'रिपोर्टेड-बाय' अशी ओळ तयार दिलेली असते आणि त्या पत्त्यात अधिक-चिन्हानंतर एक लांबलचक खूण असते. ती खूण वाचूनच सिझबॉट दुरुस्ती कोणत्या बगची आहे ते ओळखतं आणि बग बंद करतं. तू ओळ हाताने टाइप केलीस आणि खूण गाळलीस, म्हणजे बग उघडाच राहणार. ओळ कॉपी कर. पाठवलेले पॅच आपोआप बांधून तपासणाऱ्या कर्नल टेस्ट रोबोटचं उलटं आहे. त्याने तुझ्याच अजून न स्वीकारलेल्या पॅचमधली चूक दाखवली आणि तू ती पुढच्या आवृत्तीत सुधारलीस, तर त्याचा 'रिपोर्टेड-बाय' लावायचा नाही. तो लावला तर सगळा पॅचच रोबोटने कळवलेल्या बगसाठी केलाय असं वाचणाऱ्याला वाटतं. दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये केलीस तरच ती ओळ घाल.

दोघांनी मिळून लिहिलेल्या पॅचचे टॅग बहुतेकांचे चुकतात, म्हणून तेवढं सावकाश सांगतो. तिसरा पॅच तू आणि तुझ्या सहकाऱ्याने मिळून केलाय. ऑथर तू आहेस, तर 'को-डेव्हलप्ड-बाय' फक्त त्याच्या नावाची, तुझ्या नावाची नाही. तिच्या लगेच खाली त्याचीच 'साइन्ड-ऑफ-बाय' हवी, मध्ये दुसरं काही नको. सगळ्यात शेवटची सही पाठवणाऱ्याची, म्हणजे तुझी. टॅगांच्या आधी एक रिकामी ओळ असावी, पण टॅगांच्या मध्ये नसावी. मध्ये रिकामी ओळ पडली की गिट फक्त शेवटचा परिच्छेद टॅग म्हणून वाचतं आणि वरची नावं साधा मजकूर होऊन बसतात. मग मोजदाद करणाऱ्याला ती सापडत नाहीत.

दहावा पॅच मला सगळ्यात जास्त खटकला. तो मुळात दुसऱ्याने पाठवून अर्धवट सोडलेला आहे. तू त्याचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) सहायकाला दिलास, सहायकाने आजच्या कोडवर बसवून दिला, तू नव्याने कमिट केलंस, आणि मूळ माणूस इतिहासातून गेला. यंत्रामुळे सगळ्यात सहज होणारी हानी ही आहे, कारण हाताने केलं असतं तर मूळ पॅच गिट एएम या ईमेलमधला पॅच लावणाऱ्या कमांडने लावला असतास आणि ऑथर आपोआप टिकला असता. आता '--ऑथर' पर्याय वापरून त्याचं नाव परत लाव, त्याची सही जशी होती तशी ठेव, आणि तुझ्या सहीच्या आधी चौकटी कंसात तुझं नाव आणि तू काय बदललंस ते एका ओळीत लिही. बदल इतके मोठे असतील की मूळ काही उरलंच नाही, तर ऑथर तू राहा, पण मूळ पॅचची लिंक दे. त्यावर जुने 'रिव्ह्यूड-बाय' असतील तर ते काढ आणि का काढले ते कव्हर लेटरमध्ये सांग. त्या लोकांनी हा कोड पाहिलेला नाही.

कर्नलबाहेरचं, तुझ्या ऑफिसातल्या रेपोबद्दल (कोडच्या साठ्याबद्दल) थोडं. तिथे तुम्ही फॉर्मॅटर चालवून सगळ्या फाइल्स एकसारख्या करणार आहात. तो बदल एकट्याच कमिटमध्ये ठेवा, नाहीतर ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट कमांडमध्ये) प्रत्येक ओळीपुढे फॉर्मॅटर चालवणाऱ्याचं नाव येईल. त्या कमिटचा पूर्ण चाळीस अक्षरी हॅश (ओळखखूण) एका फाइलमध्ये लिहून गिटच्या 'ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल' सेटिंगला ती जोडा, म्हणजे ब्लेम ते कमिट वगळतं. गिट 2.23 पासून ही सोय आहे. हॅश मात्र मर्ज झाल्यावरच नोंदवा, कारण रिबेस (कमिट नव्या पायावर बसवणं) किंवा स्क्वॉश (अनेक कमिट एकात मिसळणं) केलं की तो बदलतो आणि नोंद पोकळ राहते.

तिथेच एक मेलमॅप फाइलही ठेवा. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव कधी आद्याक्षरांनी, कधी वडिलांच्या नावासह, कधी लग्नानंतरच्या आडनावाने येतं, आणि गिट त्यांना तीन माणसं समजतं. मेलमॅपमध्ये एका ओळीत जुना पत्ता नव्या नावाशी जोडता येतो. मात्र कोणतं नाव ठेवायचं हे त्या व्यक्तीला विचारूनच ठरवा. सहलेखकांची मोजणी हवी असेल तर शॉर्टलॉग या नावनिहाय मोजदाद देणाऱ्या गिट कमांडला टॅगनुसार गट करायला सांगता येतं. नुसत्या कमिटसंख्येवरून अप्रेझल करणं आधीही चुकीचंच होतं. आता एका कमांडमधून चारशे फाइल्स बदलतात, तेव्हा त्या आकड्याला काहीच अर्थ उरलेला नाही, आणि हे तुझ्या मॅनेजरला सांगायला कचरू नकोस.

उरला नववा पॅच. ती मेमरी गळती तुला तुझ्या मैत्रिणीने खासगी संदेशात दाखवली होती. तिला 'रिपोर्टेड-बाय' द्यायलाच हवं, पण खासगीत कळवलेल्या बगसाठी आधी परवानगी घ्यावी लागते, कारण नाव आणि ईमेल कायमचं जाहीर होतं. कोणता पत्ता लिहायचा, ऑफिसचा की स्वतःचा, हेही तिलाच विचार. तिचं उत्तर येईपर्यंत नववा बाजूला ठेव, बाकीचे दहा दुसऱ्या आवृत्तीत पाठव.